वळणात पाय काढायचा नाही

वहिनी स्टिअरिंग फिरवते आहे आणि माझी नजर रॅकवर खिळली आहे. इंजिन बंद, गाडी चारही चाकांवर उभी, बॉनेट उघडं. ट्रायम्फ स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे मडगार्डं, दिवे, नाक यांसकट गाडीचा सगळा पुढचा भाग. तो अख्खाच्या अख्खा पुढे कलंडतो आणि चाकं, त्यांना धरणारे विशबोन, स्प्रिंगा, स्टिअरिंगची जोडणी, सगळं उघड्यावर येतं. हवं तर टायरवर बसून काम करावं. मी तशीच बसले आहे.

"डावीकडे," दादा सांगतो.

वहिनी स्टिअरिंग डावीकडे वळवते. चाकं जागची हलत नाहीत. हलतो तो रॅक. चासीला यू-बोल्टनी आवळलेली ती आडवी नळी आधी स्वतःच उजवीकडे सरकते, तिच्याखालचे रबरी ठोकळे चेपतात, आणि ते पुरते चेपल्यावर मग कुठे टाय रॉड चाकाला हात घालतो. वहिनी उजवीकडे फिरवते. नळी डावीकडे सरकते, थांबते, मग चाकं वळतात. आत बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की गाडी सांगितलेलं जरा उशिरा ऐकते.

"टाय रॉड एंड बदलले, बेअरिंग बघितलं, कॉलमचा कपलिंग बघितला," दादा म्हणतो, "आणि प्ले होता तो इथे."

शेजारचे आजोबा घडीच्या स्टुलावर बसून मान डोलावतात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस तरुणपणी ट्रायम्फच्या कॅन्लीच्या कारखान्यात होता. कॅन्ली इथून गाडीने काही मिनिटांवर, याच कॉव्हेन्ट्री शहरात. स्पिटफायर १९६२ साली बाजारात आली आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये तिथेच शेवटची गाडी बाहेर पडली. त्याच सुमारास कॅन्लीत मोटारी जोडणंच थांबलं. आजोबा हातात पाना धरत नाहीत, बोटं आखडली आहेत. पण निघालेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातात जाते, आणि दादा त्यांचं मत घेतल्याशिवाय ती बाजूला ठेवत नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. पुण्याहून इथे आला तो गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम करायला. दिवसभर संगणकावर नव्या गाड्यांच्या स्प्रिंगा आणि बुश, आणि शनिवार-रविवार ही १९६८ ची मार्क थ्री. १२९६ सीसीचं इंजिन, पाऊण टनाच्या आसपास वजन. इंजिनाला तो हात लावणार नाही. त्याला ही गाडी जास्त पळवायची नाही, आहे त्याच वेगात नीट वळवायची आहे. माझ्या मते जुन्या गाडीवर खर्च करायचा तर हाच क्रम बरोबर आहे. लोक आधी ताकद वाढवतात, मग ती पेलत नाही म्हणून स्प्रिंगा कडक करतात, आणि शेवटी एक अवघडलेली, उड्या मारणारी गाडी पदरात पडते.

जॅक लागतो. चासीखाली स्टँड सरकतात, दादा गाडीला खांदा लावून हलवून बघतो, मगच डावं चाक काढतो. शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग एकत्रच बाहेर येते. स्प्रिंग दाबून धरायचे दोन आकडे लावताना सगळे गप्प होतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. दादा दोन्ही बाजू आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळत राहतो. वरचा नट निघतो आणि जुना शॉकअप हातात येतो. मी दांडा आत ढकलते, तो बसल्या जागी राहतो. वर यायला हवा होता असं नाही, पण आत जाताना त्याने विरोधच केलेला नाही. तेल कधीच वाहून गेलं आहे.

नवे शॉकअप फिरवून कमी-जास्त कडक करता येतात, खालच्या बाजूला छोटीशी खुंटी आहे. स्प्रिंगा मात्र मूळच्यापेक्षा किंचितच कडक घेतल्या आहेत. यावरून दादा आणि आजोबांचं काल बराच वेळ चाललं होतं. आजोबांचं म्हणणं, स्प्रिंग होती तशीच ठेव, आम्ही काय वेडे होतो का? दादाचं म्हणणं, तेव्हाचे टायर अरुंद होते, आजचा रबर रस्ता जास्त घट्ट धरतो, म्हणून गाडी जास्त कलते. दोघांचंही खरं आहे. त्यातून निघालेला मार्ग असा, की कलणं आवरायचं काम स्प्रिंगेवर न टाकता अँटी-रोल बारवर टाकायचं. तो बार पुढे आडवा, दोन्ही चाकांना जोडणारा. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर तो नुसता फिरतो, काही बोलत नाही. एक चाक वर आणि एक खाली गेलं की पिळला जातो आणि गाडीला सरळ ओढतो. नवा बार सात अष्टमांश इंचाचा, जुन्यापेक्षा चांगलाच जाड. त्याचं खरं कारण मागच्या चाकांत आहे.

आता निघतो तो ट्रनियन. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमधली ही सगळ्यात नाजूक जागा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदरही. चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर बसतं त्याला वर बॉल जॉइंट आहे. खाली बॉल जॉइंट नाही. दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले आहेत आणि ते टोक पितळी ठोकळ्यात स्क्रूसारखं बसतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत थोडा वर किंवा खाली फिरतो. म्हणजे प्रत्येक वळणाला एक स्क्रू किंचित सैल होतो आणि किंचित आवळतो, आणि गाडीच्या पुढच्या चाकावरचा भार त्याच आट्यांवर. डाव्या बाजूचे आटे उलटे, उजव्या बाजूचे सुलटे. हाच भाग ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीला होता, आणि लोटसने आपल्या एलानसाठीही ट्रायम्फचाच हा उभा दांडा उचलला. तेव्हा कल्पना कच्ची नव्हती.

कच्चं असतं ते तेलपाणी. दादा पितळी ठोकळा फिरवून काढतो. आट्यांत घट्ट झालेलं काळं ग्रीस, आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, नारिंगी रेघ. आजोबा हात पुढे करतात. दांडा उजेडाकडे धरून ते अंगठ्याचं नख आट्यांवरून वरून खाली ओढतात. वरचे आटे गुळगुळीत, नख सहज सरकतं. तळाच्या दोन आट्यांवर ते अडतं. ते पुन्हा ओढतात, पुन्हा तिथेच अडतं. दांडा परत देत नाहीत, आपल्या स्टुलाच्या पायाशी ठेवून देतात. मग हात झटकून म्हणतात, हा गाडीत जायचा नाही.

ट्रनियनमध्ये ग्रीस भरायचं नसतं, गिअर ऑइल घालायचं असतं. कारखान्याच्या पुस्तकात ते स्पष्ट लिहिलं आहे. ग्रीस वरच्या वर बसतं, तळाच्या आट्यांपर्यंत जात नाही. तिथे पाणी शिरतं, गंज धरतो, आणि एक दिवस गाडी हळूहळू पार्किंगमधून काढताना, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना, दांडा आट्यांपाशी तुटतो आणि चाक आडवं होतं. बहुतेक वेळा वेग कमी असतो म्हणून माणसं वाचतात. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी ग्रीस गन लावून समाधानाने दाबत राहिलं असणार. त्याने गाडीची हेळसांड केली असं मी म्हणणार नाही, काळजीच केली, पण चुकीच्या वस्तूने.

हल्ली ट्रनियनच्या जागी बॉल जॉइंट बसवायचे किट मिळतात. मी विचारते, "दादा, मग तेच का नाही घेत? एकदाची कटकट जाईल."

"जाईल ना. पण ही कटकट तेलाच्या थेंबाची आहे, आट्यांची नाही," तो म्हणतो. "नवा दांडा, नवा ट्रनियन, आणि वर्षातून एकदा ऑइल. मला ते पंप मारायला आवडतं."

वहिनी पुस्तकातून मान वर करून म्हणते, "लिहून ठेवते हं मी हे." वर्कशॉप मॅन्युअल तिच्या मांडीवर आहे, पानांना तेलाचे डाग. कोणता बोल्ट किती आवळायचा ते ती वाचते, दादा टॉर्क पाना लावतो, टक् असा आवाज आला की ती त्या ओळीवर पेन्सिलीने टिंब देते. ती पण दादाच्याच मोटार कंपनीत आहे. २००८ साली टाटांनी घेतल्यापासून त्या कंपनीत पुणेकरांची ये-जा वाढली. या गल्लीतच रविवारी सकाळी दोन घरांतून पोह्यांचा वास येतो.

विशबोनच्या सांध्यातले रबरी बुश काढायला दुपार जाते. जुना रबर लोखंडाला इतका चिकटला आहे की तो कापून, जाळून, छन्नीने सोलून काढावा लागतो. एक बुश बाहेर येतो तेव्हा त्याचं भोक गोल राहिलेलं नाही, अंडाकृती झालं आहे. म्हणजे विशबोन ब्रेक मारला की मागे सरकत होता, आणि चाकाचा कोन त्याच्यासोबत. जागी बसतात ते निळे पॉलियुरेथेनचे बुश. हे रबरापेक्षा घट्ट, तेलाने कुजत नाहीत, हाताने दाबून बसतात. पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो आणि स्वतः पिळला जातो. पॉली बुश चिकटत नाही, नळीवर फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस चोपडून लावावं लागतं. नाही लावलं तर कुरकुरतो.

आणि इथेच मला या सगळ्या कामातला खरा प्रश्न दिसतो. रॅकखालचे रबरी ठोकळे काढून दादा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतो आहे. आता नळी सरकणार नाही, हातातला हुकूम थेट चाकाला जाईल. पण रस्त्याची खरखरही तशीच थेट हातात येईल. ते रबर तिथे कुणी चुकून ठेवलं नव्हतं. १९५९ साली हेराल्ड बनवणाऱ्यांना घरगुती माणसांसाठी गाडी करायची होती, आणि त्या माणसांच्या हातांना त्यांनी खडी-खड्ड्यांपासून वाचवलं. तीच चासी आखूड करून, जिओव्हानी मिकेलोत्तीने आखलेली बॉडी वर ठेवून स्पिटफायर झाली. मऊपणा तिच्या अंगात हेराल्डकडून आला. तो सगळा काढून टाकला तर उरते ती रेसची गाडी, आणि रेसची गाडी दूध आणायला नेता येत नाही. म्हणून दादाने ठरवलं आहे: रॅक घट्ट, विशबोन घट्ट, पण गाडीची बॉडी चासीवर जिथे बसते तिथलं रबर नवं का होईना, रबरच. मागच्या रेडियस आर्मलाही रबरच. मला हा निवाडा पटतो. जिथे मऊपणा चाकाला भरकटू देतो तिथून तो काढावा, जिथे तो नुसता आवाज आणि धक्का गिळतो तिथे राहू द्यावा.

रविवार मागच्या बाजूचा.

माझ्या मामाकडे पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला स्टँडर्ड मोटर कंपनी १९६१ पासून ती बनवत असे. त्या गाडीत बसून कात्रजच्या घाटात जाताना मामाचं एक वाक्य ठरलेलं असायचं: वळणात पाय काढायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा तो वळणाच्या आधी, एकदा वळण लागलं की तसाच ठेवायचा. दादाला ते पाठ होतं, मलाही. त्यामागचं यंत्र मी आज पहिल्यांदा हाताने चाचपते आहे.

हेराल्ड आणि स्पिटफायरच्या मागच्या चाकांना आडवा एकच पाटा. तो डिफरन्शिअलच्या डोक्यावर बोल्टनी घट्ट बसवलेला, दोन टोकं दोन चाकांपाशी. अर्ध्या ॲक्सलला युनिव्हर्सल जॉइंट फक्त आतल्या, डिफरन्शिअलच्या बाजूला. म्हणजे चाक वरखाली होतं ते त्या जॉइंटभोवती झोका घेत, आणि झोका घेताना त्याचा कोन बदलतो. वळणात बाहेरच्या चाकावर भार येतो. अशा वेळी दचकून पाय काढला की वजन पुढे पळतं, मागची बाजू उचलली जाते, आणि बाहेरचं चाक मांडी घातल्यासारखं गाडीखाली दुमडतं. टायर कडेवर उभा राहतो, पकड जाते, मागची बाजू फिरते. ही अडचण एकट्या ट्रायम्फची नव्हती. मर्सिडीजनेही असे ॲक्सल वापरले. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात शेव्हरोले कॉर्व्हेअरवर झोड उठवली तीही अशाच मागच्या ॲक्सलवरून. भारतात स्टँडर्डने १९७२ मध्ये हेराल्डची गझेल केली तेव्हा हा झुलता ॲक्सल काढून सरळ एकसंध ॲक्सल टाकला. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या मेकॅनिकांच्या हाती तो जास्त सोपा होता.

कॅन्लीने १९७० च्या मार्क फोरला वेगळा इलाज केला, आणि दादा तोच मागे जाऊन आपल्या मार्क थ्रीला लावतो आहे. सीटांमागचं पत्र्याचं झाकण काढून तो आत वाकतो, डिफरन्शिअलवरचे नट सोडतो. टोकाचे बोल्ट सुटत नाहीत. गंजउतार तेल, हातोडा, पुन्हा तेल. शेवटी डावा बोल्ट करकरत निघतो आणि पाटा बाजूच्या चाकाच्या कमानीतून ओढून बाहेर येतो. आम्ही दोघं मिळून उचलतो. चांगलाच जड आहे.

नवा पाटा दिसायला तसाच, पण मधोमध एक चौकोनी पेटी. पाट्यांच्या थप्पीतली एकच पाटी घट्ट आवळलेली, बाकीच्या त्या पेटीत मध्यावर झुलत्या. आजोबा उठून येतात, एका टोकावर हात ठेवून दाबतात. दुसरं टोक वर येतं. तराजूसारखं नव्हे, थोडंसंच, पण येतं. "बघ," ते मला म्हणतात, "हा गाडीच्या कलण्याला फारसा अडवत नाही." म्हणून वळणात मागचं बाहेरचं चाक आधीइतकं ओझं ओढून घेत नाही, मागची बाजू उचलली जात नाही, आणि दुमडणं टळतं. मग कलणं अडवायचं कुणी? पुढच्या जाड बारने. नुसता पाटा बदलून जुना बारीक बार ठेवला तर गाडी बोटीसारखी डोलेल. हे दोन भाग जोडीनेच घालायचे असतात, आणि जो एकच घालतो तो पैसे वाया घालवतो.

पाटा बसतो, चाकं चढतात, गाडी खाली उतरते. पण मागचे रबरी बुश अजून आवळायचे नाहीत. चाकं हवेत लटकत असताना ते आवळले तर गाडी बसल्यावर कायमचे पिळलेले राहतील आणि लवकर फाटतील. पुस्तकात लिहिलं आहे की प्रत्येक सीटवर १५० पौंड ठेवून मगच. उजव्या सीटवर मी. डाव्या सीटवर कणकेची दोन पोती, एक तांदळाचं, वर पान्यांची पेटी. दादा गाडीची मागची बाजू दोन-चारदा दाबून सोडतो, ती बसते, आणि तो खाली सरकून टोकाचे बोल्ट आवळतो. "हलू नकोस गं," खालून आवाज येतो. मी हलत नाही.

मग दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर ताणलेल्या समांतर दोऱ्या, आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने. पुढची चाकं नाकाकडे किंचित आत हवीत, सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. टाय रॉड अर्धा आटा फिरवायचा, गाडी थोडी मागेपुढे ढकलायची, पुन्हा मोजायचं. कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाच्या उभ्या कलासाठी, विशबोनच्या ब्रॅकेटमागच्या पातळ पट्ट्या काढायच्या-घालायच्या. दादाच्या ऑफिसात हे लेझर करतं. इथे वहिनी पट्टी धरते आणि आकडा मोठ्याने सांगते.

संध्याकाळी गाडी बाहेर पडते. कॅन्लीच्या कारखान्याच्या जागेवर आता ऑफिसं आणि गोदामं आहेत, तिथल्या एका रस्त्याचं नाव हेराल्ड अव्हेन्यू. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. स्टिअरिंग माझ्या हातात आहे. सगळ्यात आधी लक्षात येतं ते हे, की मधलं काही राहिलेलं नाही. मनगट हललं की नाक हललं. एका मोकळ्या जागी पूर्ण वळवून बघते तर गाडी २४-२५ फुटांत गोल फिरते. हा हेराल्डचा जुना गुण, तो कुणी काढून घेतलेला नाही. हातात खरखर येते आहे, पण रस्ता कुठे सांधलेला आहे ते कळावं इतकीच.

पुढे लांब वळण. दादा शेजारी बसून म्हणतो, "आता पाय काढ."

माझा पाय निघत नाही. कात्रजचं वाक्य पायातच आहे.

"अगं, काढ. वेग तीसच आहे, जागा मोकळी आहे."

मी काढते. नाक थोडं आत ओढलं जातं, मागची बाजू खाली बसल्यासारखी राहते, आणि गाडी होती त्या रेघेवर वळत जाते. मी पुन्हा वळवून आणते आणि पुन्हा काढते, या वेळी झटकन. तीच रेघ. दादा मोठ्याने हसतो. मग लगेच गप्प होऊन कान देतो.

"मागे डावीकडे काय कुरकुरतंय?"

मलाही ऐकू येतं. वेगरोधकावर एकदा कुईं, खाली उतरताना पुन्हा. आम्ही थांबतो. तो उतरून मागचा कोपरा हाताने दाबतो. तिथे गप्प. पुढचा डावा कोपरा दाबतो आणि कुईं. विशबोनच्या मागच्या बुशात ग्रीस कमी पडलं आहे. तो वहिनीला फोन लावून सांगतो की उद्या संध्याकाळी डावं चाक पुन्हा निघणार, तेव्हा सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आत ठेवून दे, आणि आजोबांना सांग, शॉकअप एक टिचकी मऊ करतोय.